पट्टी उभी की आडवी, आणि सॉफ्टवेअरचे पैसे नेमके कशाचे?

माझा भाचा चोपड्याचा, मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत जळगावला आला की एमआयडीसीतल्या माझ्या शेडवर येतो आणि दर वेळी तेच विचारतो, "मामा, सॉलिडवर्क्स शिकू, कॅटिया शिकू, का ॲन्सिस? तुम्ही काय वापरता?" क्लासवाल्यांनी त्याच्या डोक्यात भरवलंय की एक शिकलं तर पुण्याला नोकरी आणि दुसरं शिकलं तर बंगळुरूला. मागच्या मे महिन्यात तो आला त्या दुपारी वीज गेली होती, बाहेर पारा ४५च्या पुढे, वेल्डिंग बंद, पोरं सावलीला बसलेली. म्हटलं, आज याचा सोक्षमोक्ष लावू.

मुळात त्याने दोन वेगळ्या जातीची जनावरं एकाच दावणीला बांधली होती. सॉलिडवर्क्स आणि कॅटिया ही वस्तू काढायची सॉफ्टवेअर. रॅक किती उंच, पत्रा किती जाड, भोक कुठे, हे सगळं त्यात रचायचं आणि त्यातून ड्रॉइंग काढायचं. ॲन्सिस हे मोजायचं सॉफ्टवेअर. तयार मॉडेलवर वजन ठेवलं, ते तापवलं किंवा त्याच्यातून वारा सोडला तर काय होईल, ते हिशेबाने सांगणारं. हल्ली प्रत्येकाने दुसऱ्याचा थोडा माल आपल्या दुकानात ठेवलाय, त्यामुळे गोंधळ होतो. तरी कामं दोन आहेत, आणि तुलना करायची तर ती एका कामातली व्हायला हवी.

कॉम्प्युटर बंदच होता, म्हणून आधी भंगारातून ५० बाय १० मिलिमीटरची एक लोखंडी पट्टी काढली. ती व्हाइसमध्ये, म्हणजे लोखंडी शिकंज्यात, अशी धरायची की ४०० मिलिमीटर बाहेर राहील, आणि टोकाला सिमेंटची एक गोणी टांगायची. गोणी ५० किलोची, म्हणजे साधारण ५०० न्यूटन. पट्टी किती लवेल? सूत्र दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात आहे: वजन गुणिले लांबीचा घन, भागिले तीन गुणिले पोलादाचा ताठपणा गुणिले पट्टीच्या छेदाचं आय, म्हणजे छेदाची रुंदी-उंची आणि पट्टी कशी धरली यावर ठरणारा आकडा. पोलादाचा ताठपणा २ लाख न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर धरायचा. पट्टी उभी धरली, म्हणजे ५०ची बाजू वर-खाली, तर उत्तर येतं अर्धा मिलिमीटर. तीच पट्टी आडवी धरली तर जवळजवळ १३ मिलिमीटर. लोखंड तेच, वजन तेच, आणि फरक पंचवीस पट. ताणही बदलतो, तो पाच पट. उभ्या पट्टीत मुळाशी ४८ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, आडवीत २४०. साधं स्ट्रक्चरल लोखंड २५०च्या आसपास कायमचं वाकायला लागतं. म्हणजे आडव्या पट्टीवर गोणीबरोबर एखादी पिशवी जरी जास्त टांगली, तरी ती परत सरळ होईलच असं नाही.

हा हिशेब पाठकोऱ्या चलनावर झाला, कारण पट्टी सरळसोट आहे. तिला चार भोकं पाडा, मध्येच कोपऱ्यात दुमडा, खाली तिरका आधार द्या, की पुस्तकातलं सूत्र हात वर करतं. तिथून पुढे मोजायचं सॉफ्टवेअर लागतं. ते जे करतं ते समजायला सुतळीची खाट डोळ्यापुढे आणा. खाटेच्या मध्यावर कोणी बसलं की प्रत्येक गाठ फक्त शेजारच्या गाठींना ओढते, त्या त्यांच्या शेजारच्यांना, असं करत करत ओढ चारही बाजूंच्या लाकडापर्यंत पोचते. सॉफ्टवेअर तुमच्या वस्तूचे हजारो छोटे तुकडे करतं, म्हणजे तिची खाटच विणतं, प्रत्येक गाठ किती सरकली याचं समीकरण मांडतं आणि ती हजारो समीकरणं एकदम सोडवतं. या विणकामाला मेश म्हणतात आणि सगळ्या पद्धतीला फायनाइट एलिमेंट. हे नाव रे क्लफ या अमेरिकन प्राध्यापकाने १९६०मध्ये एका निबंधात वापरलं. त्याच दशकात नासाने नॅस्ट्रॅन नावाचं असंच सॉफ्टवेअर लिहून घेतलं. जॉन स्वॉन्सनने ॲन्सिसची कंपनी काढली ती १९७०ला. म्हणजे आज ज्याचं लायसन्स घ्यायला लाखांत पैसे मोजावे लागतात, त्याच्या पोटातलं मूळ गणित माझ्याहून म्हातारं आहे. आणि ते फुकटही मिळतं. कॅल्क्युलिक्स नावाचा मोफत सॉल्व्हर, म्हणजे समीकरणं सोडवणारा प्रोग्राम, हेच करतो आणि फ्रीकॅड या वस्तू काढायच्या मोफत सॉफ्टवेअरच्या आत तो बसवलेलाही आहे.

भाचा लगेच म्हणाला, "मग लोक पैसे कशाचे देऊन राहिले?"

हा प्रश्न मला पहिल्यापेक्षा आवडला. साध्या पट्टीचं उत्तर महागड्या सॉफ्टवेअरमध्ये जास्त खरं येत नाही. नीट मांडलं तर दोन्हींत तेच येतं. पैसे जातात ते आजूबाजूच्या गोष्टींना. त्यातली सगळ्यात मोठी म्हणजे मेश. दोन-तीनशे भागांच्या असेंब्लीत कुठे बारीक विणायचं, कुठे जाड, कुठे नट आणि वॉशर एकमेकांना नुसते टेकलेत आणि कुठे घट्ट बसलेत, हे महागडं सॉफ्टवेअर बरंचसं स्वतः सांभाळतं. फुकटातलं मध्येच रुसतं आणि तुमची रविवारची दुपार खातं. दुसरी गोष्ट आवाका. लोखंड वाकून कायमचं चेपतंय, रबर पिळलं जातंय, गाडी भिंतीवर आदळतेय, अशा कामांना ॲबेकस, एलएस-डायना यांच्यासारख्या सॉफ्टवेअरांनी काही दशकं घासून काढलेला माल लागतो. तिसरी, अडलात तर फोन उचलणारा माणूस. आणि चौथी, जी आपल्याकडे बहुतेक वेळा पहिली ठरते: गिऱ्हाईक काय वापरतं.

आता उत्तर तेच येतं हे वर मी जरा जोरात बोललो. 'नीट मांडलं तर' ही अट त्यात आहे, आणि सगळं तिथेच अडतं. आडव्या पट्टीचा हिशेब नंतर वीज आल्यावर मी त्याला करून दाखवला. फ्रीकॅडमध्ये चार गाठींचे साधे, मोठाले तुकडे घेतले तर लवणं निम्म्याच्याही खाली आलं. असे तुकडे वाकायला फार कुरकुरतात. त्यांच्या कडा सरळच राहतात, त्यामुळे पट्टी आहे त्यापेक्षा खूप ताठ भासते. त्याच तुकड्यांच्या प्रत्येक कडेच्या मधोमध एक जादा गाठ दिली, म्हणजे दहा गाठींचा तुकडा घेतला, की कडेला वळता येतं आणि उत्तर हाताच्या हिशेबाला येऊन चिकटतं. सॉलिडवर्क्सच्या सिम्युलेशनमध्ये पहिल्या प्रकाराला 'ड्राफ्ट' मेश म्हणतात आणि दुसऱ्याला 'हाय' क्वालिटी. म्हणजे लायसन्सचे पैसे भरून घेतलेलं सॉफ्टवेअरसुद्धा एका बटणावर निम्मं उत्तर देऊ शकतं, आणि दोन्ही वेळा पडद्यावर सारखंच सुंदर लाल-पिवळं-निळं चित्र येतं. या रंगांनी फार लोकांना फसवलंय.

यातलं सगळ्यात महागडं उदाहरण नॉर्वेचं आहे. स्लाइपनर ए नावाच्या समुद्रातल्या तेलाच्या फलाटाचा काँक्रीटचा पाया २३ ऑगस्ट १९९१ला चाचणीसाठी पाण्यात खाली उतरवत असताना फुटला आणि बुडाला. नुकसान सुमारे ७० कोटी डॉलरचं, सुदैवाने माणसं वाचली. चौकशीत निघालं की हिशेब नॅस्ट्रॅनवर केला होता, पण एका मोक्याच्या सांध्याजवळचे तुकडे बेढब होते, आणि तिथला कातरताण ४७ टक्के कमी आला होता. त्यावर बेतून भिंत पातळ आणि सळ्या अपुऱ्या ठेवल्या गेल्या. नंतर नीट हिशेब केला तेव्हा ६२ मीटर खोलीवर भिंत फुटेल असं उत्तर आलं. प्रत्यक्षात ती ६५ मीटरवर फुटली. सॉफ्टवेअर तर नासाच्या घराण्यातलं, त्याच्या नावात खोट नव्हती.

उलटी चूकही होते. आतल्या बाजूला अगदी काटकोनी कोपरा काढला, गोलाई दिली नाही, तर तिथे ताण मेश बारीक कराल तसा वाढतच जातो. १०० येतो, मग १६०, मग २४०, थांबतच नाही. नवशिका घाबरून जाड पत्रा घेतो. गणिताला तिथे उत्तरच नसतं. खऱ्या वस्तूत कोपऱ्याला थोडी तरी गोलाई असते किंवा वेल्डचा फुगवटा असतो. हे कुठलंही सॉफ्टवेअर, कितीही महाग, स्वतःहून फार जोरात सांगत नाही.

माझी स्वतःची फजिती वेगळ्याच ठिकाणी झाली. रावेरकडच्या एका केळी पिकवायच्या चेंबरसाठी रॅक केले होते. उभ्या चॅनलला बोल्टने बाहू जोडायचे आणि त्यावर केळीचे क्रेट. मी एकच बाहू मॉडेल केला, त्याचं मूळ सॉफ्टवेअरमध्ये 'फिक्स' केलं आणि दोन मिलिमीटर लवणं आलं म्हणून खूश झालो. 'फिक्स' म्हणजे सॉफ्टवेअरच्या मते तो पृथ्वीच्या पोटाला चिकटलेला, कुठेच हलणार नाही. माझा चॅनल होता ३ मिलिमीटर पत्र्याचा. क्रेट भरल्यावर त्याचा पत्राच बोल्टांपाशी आत-बाहेर फुगला आणि बाहू टोकाला बोटभर खाली आले. फळं पडली नाहीत, पण क्रेट घसरायला लागले. मग दोन रात्री बसून प्रत्येक सांध्यामागे पट्ट्या ठोकून दिल्या, आपल्या खर्चाने. तेव्हापासून आमच्या शेडमध्ये मॉडेल कोणी दाखवलं की पहिला प्रश्न, धरलंय कुठे?

वस्तू काढायच्या सॉफ्टवेअरांची तुलना निराळी आहे आणि ती बरीचशी सवयीची आहे. ऑटोकॅड १९८२चं. शेड, प्लॉट, पाइपलाइनचा लेआउट यांना आजही ते पुरतं, आणि लेझर कटिंगवाला शेवटी डीएक्सएफ फाइलच मागतो. माप बदललं की त्यावर अवलंबून असलेलं सगळं आपोआप बदलतं, ही थ्रीडीतली सोय प्रो-इंजिनिअरने १९८०च्या दशकाच्या शेवटी आणली, तेच आजचं क्रिओ. सॉलिडवर्क्स १९९५ला आलं, साध्या विंडोजच्या पीसीवर चालणारं आणि तुलनेने स्वस्त, म्हणून लहान कंपन्यांत पसरलं. दोनच वर्षांनी ते दासो सिस्टिम्सने विकत घेतलं. कॅटिया त्याच घरातलं थोरलं भावंड, दासोच्या विमानांसाठी जन्मलेलं. मोटारीच्या बॉनेटसारखे वळणदार पृष्ठभाग काढायला ते आणि सिमेन्सचं एनएक्स जास्त पुढे आहेत. आपल्या चौकोनी रॅकला त्याचा काय उपयोग? लोणच्याच्या फोडी करायला कोणी ऊस तोडायचं मशीन आणत नाही.

पत्र्याच्या कामात मात्र एक गोष्ट बघून घ्यावी. पत्रा वाकवला की आतली बाजू आखडते आणि बाहेरची ताणली जाते. दोन्हींच्या मध्ये कुठेतरी न ताणलेली रेघ असते. ती आतल्या बाजूपासून जाडीच्या कितव्या हिश्श्यावर आहे याच्या आकड्याला के-फॅक्टर म्हणतात, साधारण ०.३३ ते ०.५. सॉफ्टवेअर त्यावरून सपाट पत्र्याचं माप काढतं. त्यात आधीच भरलेला आकडा तुमच्या बेंडिंग मशीनचा नसतो. आम्ही १०० मिलिमीटरचे चार तुकडे वाकवून, मोजून आमचा आकडा काढला, तेव्हा कुठे पेट्यांची झाकणं बसायला लागली. ही सोय सॉलिडवर्क्समध्ये छान आहे, सॉलिड एजमध्ये तर फारच छान, आणि फ्रीकॅडमध्ये वेगळी जोडून घ्यावी लागते पण चालते.

फाइलींची देवाणघेवाण हे या धंद्यातलं जुनं दुखणं. प्रत्येक सॉफ्टवेअरच्या पोटात आकाराचं गणित करणारं एक यंत्र असतं, त्याला कर्नल म्हणतात. सॉलिडवर्क्स आणि एनएक्स दोघांत सिमेन्सचं पॅरासॉलिड आहे, फ्रीकॅडमध्ये ओपन कॅस्केड, कॅटियाचं स्वतःचं. एकाची फाइल दुसऱ्यात नेताना 'स्टेप' नावाचं सामाईक रूप वापरतात. आकार पोचतो, पण तो कसा रचला होता ती पायरी-पायरीची वंशावळ मागेच राहते, म्हणजे भोकाचा व्यास बदलायचा म्हटलं की भोक नुसतं दगडात कोरल्यासारखं समोर बसलेलं. एकाच सॉफ्टवेअरच्या दोन आवृत्त्यांतही हे होतं. एअरबसच्या ए३८० विमानाचं २००६मध्ये तेच झालं. हॅम्बुर्गला कॅटियाची जुनी चौथी आवृत्ती होती आणि तूलूझला पाचवी. पाचशे किलोमीटरहून जास्त वायर असलेल्या त्या विमानात तयार करून आणलेल्या वायरींचे जुडगे जागेवर पोचेनात, आखूड पडायला लागले. विमानं गिऱ्हाइकांना उशिरा मिळाली आणि कंपनीचे साहेब बदलले. म्हणून म्हणतो, तुमचं मोठं गिऱ्हाईक सॉलिडवर्क्समध्ये काम करत असेल, तर फ्रीकॅड कितीही गोड वाटलं तरी शेवटी तुम्हालाच ती फाइल उघडायची आहे.

फुकट आणि जवळजवळ फुकट यांतला फरक वाचून घ्यावा. फ्यूजन हौशी वापराला मोफत आहे, पण बदल करता येणाऱ्या फाइली एका वेळी १०च, आणि त्यावर धंदा करायची परवानगी नाही. ऑनशेप ब्राउझरमध्ये चालतं, साध्या लॅपटॉपवर पळतं, पण मोफत खात्यातलं तुमचं डिझाइन सगळ्या जगाला दिसतं. फ्रीकॅडला अशी कुठलीच अट नाही. २००२पासून लोक ते बनवतायत आणि १.० ही आवृत्ती यायला नोव्हेंबर २०२४ उजाडला. आधी त्यात एक वैतागवाणी खोड होती: मागचं एखादं माप बदललं की पुढची भोकं भलत्याच बाजूला जाऊन बसायची. ती १.०मध्ये बरीच आटोक्यात आली. विद्यार्थ्यांना मोठ्या कंपन्याही आवृत्त्या देतात, ॲन्सिसची स्टुडंट आवृत्ती गाठींची मर्यादा घालून मोफत मिळते. आणि आपल्याकडे पेनड्राइव्हमधून फिरणारं 'क्रॅक' सॉफ्टवेअर? ते इंटरनेट दिसलं की बनवणाऱ्या कंपनीला निरोप धाडतं, आणि मग वकिलाचं पत्र येतं. आमच्या ओळीतल्या शेडवाल्यांना हे आता सांगावं लागत नाही.

वाऱ्याचं सिम्युलेशन हा मात्र वेगळाच प्रांत. पुन्हा केळीच्या चेंबरकडे जाऊ. तिथे १४ ते १८ अंश तापमान ठेवून इथिलीन सोडतात. गार हवा क्रेटच्या बाजूने निघून न जाता क्रेटच्या आतून गेली पाहिजे, नाहीतर एका कोपऱ्यातली फणी पिवळी आणि दुसऱ्यातली हिरवीच. वर केळी पिकताना स्वतःच गरमी सोडतात. मॉडेलमध्ये एकेक केळ काढत बसलं तर जन्म जाईल. म्हणून भरलेला क्रेट म्हणजे हवेला अडवणारा आणि गरमी देणारा एक भुसभुशीत ठोकळा असं मानतात. हवेतले भोवरेही सगळे मोजता येत नाहीत, त्यांच्यासाठी अंदाजी सूत्रं असतात, आणि दोन सॉफ्टवेअरांची उत्तरं वेगळी आली तर बहुतेक वेळा त्या सूत्रांमुळे. या कामाच्या सॉफ्टवेअरांपैकी फ्लुएंट पैशाचं आहे आणि हाताला धरून नेतं. ओपनफोम २००४पासून खुलं आहे, ताकदीने तोडीस तोड, पण त्याला खिडक्या-बटणं नाहीत, मजकुराच्या फाइली लिहाव्या लागतात. मी महिनाभर ओपनफोमशी झुंजलो. मग एके दिवशी रिकाम्या चेंबरमध्ये क्रेट लावून उदबत्ती घेऊन फिरलो, तर धूर छताकडून थेट पंख्याकडे परत जाताना दिसला. वर ताडपत्रीचा पडदा लावला. सॉफ्टवेअरने नंतर तेच सांगितलं, आणि पडदा किती खाली सोडायचा हेही सांगितलं, जे उदबत्तीला जमलं नसतं.

तापीवरून मळ्यात पाणी आणायच्या पाइपलाइनीला यातलं काही लागत नाही. अमेरिकी सरकारच्या पर्यावरण खात्याचं एपॅनेट १९९३पासून फुकट आहे. पाइपांची लांबी, व्यास आणि चढ भरा, कुठल्या फाट्यावर किती दाब उरतो ते कळतं. पाण्याच्या कामात ज्याने हे वापरलं नाही त्याने पैसे भरून दुसरं घेऊ नये, असं माझं मत आहे.

हे सगळं ऐकून भाच्याने मूळ प्रश्न पुन्हा विचारला नाही. लॅपटॉपवर फ्रीकॅड उतरवून घेतलं आणि आडव्या पट्टीचं मॉडेल दहा गाठींच्या तुकड्यांनी करत बसला. त्याचं उत्तर आलं १२.७. कागदावरचं १२.८ होतं, त्यामुळे स्वारी खुशीत. मग पोरांनी खरोखर गोणी टांगली. त्याने उंची मोजायचं गेज लावलं, दोनदा मोजलं. पंधराच्या वर.

"मामा, लोखंड हलकं असेल का?"

मी काही बोललो नाही. तो वजन मोजायला निघाला, गोणी उतरवली, परत टांगली, पुन्हा मोजलं. मग खाली वाकून पट्टी जिथे धरली होती तिकडे बघत राहिला, आणि हात पुढे करून व्हाइसचा जबडा हलवून पाहिला.